ब्लॉगचं हेडिंग कसं लिहायचं: गावाकडून लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

वरूड-मोर्शीपासून पार गडचिरोलीपर्यंत आपल्याकडे आता बरेच जण मोबाईलवरूनच ब्लॉग लिहितात, कोणी शेतीवर, कोणी सरकारी योजनांवर, कोणी जत्रा, नाटक, खाणंपिणं यावर. मजकूर मेहनतीचा असतो, स्वतः वावरात उभं राहून काढलेले फोटो असतात, आणि वर हेडिंग असतं "शेतीविषयक माहिती भाग 3". मग कोणी उघडत नाही आणि लिहिणाऱ्याचा जीव खट्टू होतो. हेडिंगबद्दल जे प्रश्न मला सारखे येतात त्यांची उत्तरं इथं एका जागी लिहून ठेवतोय.

हेडिंग आधी लिहायचं की लेख झाल्यावर?

दोन्ही वेळेला. आधी एक कच्चं हेडिंग लिहा, म्हणजे आपण कोणाला काय सांगायला बसलोय ते डोक्यात पक्कं राहतं. लेख झाला की ते पुन्हा वाचा आणि बदला, कारण लिहिता लिहिता विषय सरकतोच, ठिबकवर लिहायला बसलेला माणूस शेवटी विहिरीच्या कर्जावर पोचलेला असतो. कच्चं हेडिंग एका वाक्यात जमतच नसेल तर समजा की पोस्टमध्ये दोन विषय घुसलेत, त्याच्या सरळ दोन पोस्टी करा.

चांगलं हेडिंग म्हणजे नेमकं कसं हो?

वाचणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की हे माझ्या कामाचं आहे. बस, एवढंच. पण हे एवढंच लय अवघड जातं, म्हणून एक उदाहरण नीट उलगडून सांगतो.

समजा तुम्ही गुलाबी बोंडअळीवर लिहिलंय. पहिलं हेडिंग सुचतं "कपाशीवरील कीड व रोग व्यवस्थापन". हे पुस्तकातल्या धड्याचं नाव झालं, यात कास्तकाराला स्वतःचं वावर दिसत नाही. मग "गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त कसा करावा". बरं आहे, पण असं शेकडो जणांनी लिहिलेलं आहे. आता विचार करा, तुमच्या पोस्टमध्ये नवीन काय आहे, तर तुम्ही डोमकळीचा फोटो टाकलाय, पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या चिकटून राहिलेलं ते फूल, ज्याच्या आत अळी बसलेली असते. ही अळी बोंडाच्या आत राहते, बाहेरून दिसत नाही, म्हणून ही खूण वेळेवर ओळखणं एवढं महत्त्वाचं. मग हेडिंग असं होतं: "कपाशीत डोमकळी दिसली? आत गुलाबी बोंडअळी असू शकते, अशी ओळखा". हे वाचून माणूस मोबाईल खिशात टाकून वावरात फुलं पाहायला जातो.

किंवा पोस्ट कामगंध सापळ्यावर (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या सापळ्यावर) असेल तर "सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली". सापळे लावलेले कास्तकार भरपूर आहेत, किती पतंग म्हणजे जास्त हा आकडा मात्र सगळ्यांना माहीत नसतो. तो आकडा तुमच्याकडे आहे तर तो लेखाच्या पोटात काऊन लपवायचा, वर आणा.

मराठीत हेडिंग किती लांब ठेवायचं?

गूगलनं स्वतः सांगितलंय की टायटलला, म्हणजे शोधात दिसणाऱ्या हेडिंगला, लांबीची ठरलेली मर्यादा नाही, पण स्क्रीनच्या रुंदीत मावत नाही तो भाग दिसत नाही, तिथं तीन टिंबं येतात. म्हणून अक्षरं मोजत बसण्यापेक्षा आपल्या साध्या मोबाईलवर पोस्ट शोधून पाहा की कुठपर्यंत दिसतं.

आता मराठीची एक गोष्ट आहे आणि इंग्रजीतल्या हेडिंगच्या टिपा वाचून ती कधीच कळत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि "नका", "नाही" हे तर त्याच्याही मागे. मग "बोंडअळीसाठी ही दोन कीटकनाशकं एकत्र मिसळून फवारू नका" हे हेडिंग मोबाईलवर कापलं गेलं तर काय उरतं? "बोंडअळीसाठी ही दोन कीटकनाशकं एकत्र मिसळून…". अर्थ उलटा झाला! घाईत असलेला माणूस पोस्ट न उघडता तेवढंच वाचून कृषी केंद्रात जाऊ शकतो. म्हणून मनाई करणारं हेडिंग असेल तर मनाई आधी: "मिसळू नका: बोंडअळीची ही दोन कीटकनाशकं एकत्र फवारणं धोक्याचं". बाकी हेडिंगातही पिकाचं किंवा विषयाचं नाव पहिल्या दोन-तीन शब्दांत आणा. "पावसाळ्याच्या शेवटी होणारी आंबिया बहाराच्या संत्र्याची फळगळ" असं लिहिलं तर संत्रा यायच्या आधीच जागा संपते. "संत्रा फळगळ: आंबिया बहारात ऑगस्ट-सप्टेंबरला काय पाहायचं" हे कापलं गेलं तरी विषय कळतो.

सगळं हेडिंगमध्येच सांगून टाकलं तर लोक पोस्ट उघडतील कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. जॉर्ज लोवेनस्टाईन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1994 साली कुतूहलाबद्दल एक मांडणी केली, तिचा सार असा की माणसाला थोडं माहीत असतं आणि उरलेलं माहीत नाही हे त्याच्या लक्षात येतं तेव्हा ते जाणून घ्यायची ओढ लागते. म्हणजे ओढ लागायला आधी हातात काहीतरी द्यावं लागतं. "सोयाबीनच्या भावाबद्दल महत्त्वाची माहिती" यात हातात काहीच पडत नाही. "सोयाबीन हमीभाव 2025-26: क्विंटलला 5,328 रुपये, पण ओलावा 12 टक्क्यांवर गेला की माल का परत येतो" यात भाव कळला, 2024-25 च्या 4,892 पेक्षा 436 नं वाढला हेही त्याला आपोआप आठवतं, आणि आपला माल परत येऊ नये म्हणून काय करायचं यासाठी तो आत येतो. फक्त भाव पाहायला आलेला माणूस भाव पाहून गेला तर जाऊ द्या, त्याचं काम झालं, उद्या तो तुमच्याकडेच येईल कारण तुम्ही त्याला फिरवलं नाही.

"धक्कादायक", "मोठी बातमी", "हे वाचून थक्क व्हाल" असं लिहिलं की व्ह्यूज येतात, मग लिहू का?

नको. येतात व्ह्यूज, पहिल्यांदा येतात. फेसबुकनं 2016 मध्येच जाहीर केलं होतं की माहिती दडवून ठेवणारी आणि फुगवून सांगणारी हेडिंगं ते कमी लोकांना दाखवणार, आणि 2017 मध्ये ते इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषांनाही लावायला घेतलं. गूगल डिस्कव्हरच्या (मोबाईलवर न शोधताही गूगल जे लेख दाखवतं त्याच्या) नियमांतही असली हेडिंगं टाळा असं लिहिलेलं आहे. पण हे सगळं बाजूला ठेवा, मला याचा राग येतो तो वेगळ्याच कारणानं.

पीएम किसानचं उदाहरण घ्या. वर्षाला 6,000 रुपये, 2,000 चे तीन हप्ते, ही साधी गोष्ट. त्यावर हेडिंग येतं "मोठी बातमी! उद्या सकाळी खात्यात 4,000 जमा". आत वाचलं तर "जमा होण्याची शक्यता सूत्रांकडून वर्तवली जात आहे". हे हेडिंग गावच्या ग्रुपवर पडतं, कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवतं, आणि दुसऱ्या दिवशी एखादी म्हातारी पासबुक पिशवीत घालून एसटीनं तालुक्याच्या बँकेत जाते, दोन तास लायनीत उभी राहते आणि परत येते. त्या दिवसाची मजुरी गेली, तिकिटाचे पैसे गेले. तुम्हाला एक व्ह्यू मिळाला. असल्या व्ह्यूचं काय करायचं?

हप्ता खरंच जाहीर झाला असेल तर तारीख टाका आणि स्टेटस कसं पाहायचं ते हेडिंगमध्ये लिहा. जाहीर झाला नसेल तर "हप्त्याची तारीख अजून जाहीर नाही, ई-केवायसी राहिली असेल तर करून घ्या" हे सुद्धा उघडलं जातं, कारण ज्याची केवायसी अडकली आहे तो शोधतच असतो.

कापूस लिहू, कपाशी लिहू की पऱ्हाटी?

भावाची पोस्ट असेल तर कापूस, उभ्या पिकाची असेल तर कपाशी, कारण लोक बोलतात आणि शोधतात तसंच, "कापसाचा भाव" आणि "कपाशीवरचा मावा". पऱ्हाटी आपल्या घरातला शब्द आहे, तो लेखात भरपूर येऊ द्या, हेडिंगमध्ये मात्र माहितीच्या पोस्टीला कपाशी ठेवा म्हणजे परभणीच्या माणसालाही सापडेल.

नक्की काय शोधतात हे पाहायला पैसे लागत नाहीत. गूगलवर "सोयाबीन पिवळे" एवढं टाईप करून थांबा, खाली आपोआप सूचना येतात, त्या लोकांच्या शोधातूनच आलेल्या असतात. आता बरेच जण माईक दाबून बोलतात, त्यामुळे "सोयाबीन पिवळं पडलं काय करावं" अशी अख्खी बोली वाक्यं शोधली जातात, तुमचं हेडिंग त्याच वळणाचं असलं तर चांगलंच. फक्त तिथं थांबू नका. सोयाबीन पिवळं पडण्याची कारणं वेगवेगळी असतात: पाणी साचलं तर पडतं, लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी होतात पण शिरा हिरव्या राहतात, आणि पांढरी माशी पसरवते तो पिवळा मोझॅक असेल तर पानावर हिरवे-पिवळे ठिगळ दिसतात. "सोयाबीन पिवळं पडलं? पानाच्या शिरा हिरव्या आहेत का ते आधी पाहा" असं हेडिंग केलं की त्याच्या शब्दात प्रश्न आला आणि तुमचं ज्ञानही आलं.

वऱ्हाडीत हेडिंग लिहिलं तर चालते काय?

चालते ना, पण कशावर लिहिताय ते पाहा. आठवणी, गोष्टी, खाणं, गावातली माणसं यावरच्या पोस्टीला वऱ्हाडी हेडिंग जेवढं शोभतं तेवढं दुसरं काही नाही. "माह्या मायच्या हातचा पातोडीचा रस्सा" हे "विदर्भ स्पेशल पातोडी रस्सा रेसिपी" पेक्षा जास्त जणांना ओढेल, कारण त्यात माणूस आहे. तिकडं भंडारा-गोंदियाकडचे लोक झाडीबोलीत लिहितात, त्यांनीही बिनधास्त लिहावं. पाककृती शोधणाऱ्यालाही सापडावी असं वाटत असेल तर दोन्ही जोडा, "माह्या मायच्या हातचा पातोडीचा रस्सा: बेसनाच्या पातोड्या, झणझणीत रस्सा". कर्ज, विमा, सातबारा, ई-पीक पाहणी असल्या पोस्टीला कागदावर जो शब्द छापलेला असतो तोच वापरा, कारण माणूस तो कागद हातात धरूनच शोधत असतो.

गावाचं, तालुक्याचं नाव टाकलं तर बाहेरचे वाचणार नाहीत ना?

बाहेरच्यांची काळजी कमी करा. "कापसाचा आजचा भाव" यावर मोठमोठ्या वेबसाईट बसलेल्या आहेत, त्यांच्यापुढं आपला ब्लॉग दिसणार नाही. "वणी बाजारात कापूस" असं लिहिणारे थोडे आहेत आणि वणीच्या कास्तकाराला नेमकं तेच पाहिजे. जिथं माहिती जागेप्रमाणं बदलते, बाजारभाव, पाऊस, एसटीचं टायमिंग, शिबिर, तिथं जागेचं नाव हवंच. बदलत नाही तिथं उगाच नको.

हेडिंगमध्ये आकडा आणि साल टाकावं का?

खरं असेल तर टाका. "5 उपाय" लिहिलं तर पाचच्या पाच वेगळे असले पाहिजेत, तोच एक उपाय फिरवून फिरवून पाच करू नका. साल तर फार जपून. दरवर्षी जून आला की मागच्या वर्षीच्या पोस्टीवर नुसतं साल बदलायचं आणि आत जुनेच दर ठेवायचे हा प्रकार खूप वाढलाय. आतली माहिती बदलली असेल तरच वरचं साल बदला.

मराठी हेडिंग टाकलं की लिंक भलतीच लांब होते, टक्क्याची चिन्हं येतात. काय करू?

देवनागरीचं एकेक अक्षर लिंकमध्ये नऊ चिन्हांचं होतं, काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. वर्डप्रेस पोस्टच्या पत्त्याला 200 चिन्हांचीच जागा देतं, म्हणजे आपली बावीसेक अक्षरं. "संत्र्याची फळगळ थांबवायचे उपाय" या हेडिंगचा पत्ता तिसऱ्याच शब्दात तुटतो. ब्लॉगरवर उलटं होतं, तिथं मराठी अक्षरं गळूनच जातात आणि सगळ्या पोस्टींचे पत्ते एकसारखे दिसायला लागतात, शेवटी नुसता नंबर वेगळा. दोन्हीकडं उपाय एकच, हेडिंग मराठीत ठेवा आणि पत्ता पब्लिश करायच्या आधी रोमन अक्षरात स्वतः टाईप करा, दोन-तीन शब्द पुरे. ब्लॉगरला उजवीकडं परमालिंकमध्ये कस्टमचा पर्याय असतो. पब्लिश झाल्यावर पत्ता बदलला तर आधी पाठवलेल्या लिंका तुटतात, म्हणून हे आधीच करा.

व्हॉट्सॲपवर शेअर केल्यावर हेडिंग वेगळंच दिसतं, असं काऊन?

व्हॉट्सॲप पोस्टमधलं शेअरसाठीचं टायटल उचलतं, ते ब्लॉगच्या सेटिंगमध्ये वेगळं भरलेलं असू शकतं, तिथं जाऊन पाहा. आणि एकदा पाठवलेल्या मेसेजमधलं हेडिंग तुम्ही मागून पोस्ट दुरुस्त केली तरी बदलत नाही, म्हणून पाठवायच्या आधी स्वतःच्याच नंबरवर लिंक टाकून पाहायची सवय लावा. गूगलही ऑगस्ट 2021 पासून टायटल न आवडल्यास पानावरचं मोठं हेडिंग किंवा दुसरा मजकूर उचलून दाखवतं. दोन्ही ठिकाणी एकच मजकूर ठेवला तर असे घोळ कमी होतात.

फवारणी आणि औषधांच्या पोस्टीला काही वेगळी काळजी?

हो, आणि इथं मी कोणालाच सूट देत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो जण दवाखान्यात होते. ज्या भागात हे घडलं तिथं बसून "एका फवारणीत 100 टक्के बोंडअळी साफ, रामबाण औषध" असं हेडिंग लिहायचं धाडस कसं होतं मला कळत नाही. "रामबाण", "खात्रीशीर", "जालीम" हे शब्द काढाच. कंपनीच्या माणसानं पैसे देऊन लिहायला सांगितलं असेल तर जाहिरात आहे हे हेडिंगमध्येच कळलं पाहिजे. सल्ला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा असेल तर ते नाव वर टाका, त्यानं पोस्ट जास्तच उघडली जाते.

शेतकरी आत्महत्येवर लिहायचं असेल तर?

हेडिंगमध्ये कसं केलं, कशानं केलं, कुठं केलं हे लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना अशाच आहेत आणि प्रेस कौन्सिलनंही 2019 मध्ये त्यावर आधारलेले नियम घेतले. "कर्जाला कंटाळून" असं एका शब्दात कारण बांधून टाकू नका, घरच्यांना ते पुढं कित्येक वर्षं वाचावं लागतं. मागं राहिलेल्या घराला मदत कशी मिळते, कुठला कागद लागतो, यावर हेडिंग करा. आणि पोस्टमध्ये टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा फुकट नंबर ठळक द्या.

नाटक, जत्रा, शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) यावरच्या पोस्टीला कसं हेडिंग द्यावं? तिथं माहिती काही नसते.

असते की! दिवाळीनंतर झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) नाटकांचा सीझन सुरू झाला की वडसा, म्हणजे देसाईगंज, तिथं नाटक कंपन्यांच्या ऑफिसात बुकिंगला गर्दी होते आणि गावोगावी पोस्टर लागतात. ते पोस्टर उभं राहून वाचा. वर नाटकाचं नाव काळजाला हात घालणारं, रडवणारं, नात्यागोत्याचं. पण खाली गाव, तारीख आणि कलाकारांची नावं स्वच्छ लिहिलेली. नाव ओढून घेतं आणि खालची ओळ माणसाला बंडी जुंपायला लावते. तुमच्या पोस्टीलाही दोन्ही द्या: आधी भावनेचा तुकडा, मग कशाबद्दल आहे ते. "रात्रभर जागलं अख्खं गाव: आमच्याकडचं मंडईचं नाटक" (मंडई म्हणजे तिकडची दिवाळीनंतरची गावजत्रा). इथं थोडं गूढ ठेवलं तरी चालतं, कारण वाचणाऱ्याचं काही नुकसान होत नाही.

एआयला विचारून हेडिंग घेतलं तर?

घ्या, पण जसंच्या तसं लावू नका. ते "संपूर्ण मार्गदर्शक", "यशाची गुरुकिल्ली", "गुपिते उलगडली" असलं काहीतरी देतं, आपल्याकडं कोणी असं बोलत नाही. त्याला पीक, तालुका, महिना, वाचणारा कोण हे सगळं सांगा, दहा मागा, आणि मग ते मोठ्यानं वाचून पाहा. पारावर बसलेल्या माणसाला तुम्ही हे वाक्य तोंडानं सांगाल का? नसेल तर बदला.

कोणतं हेडिंग चाललं हे कसं कळणार? जुनी बदलू का?

गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, त्यात मागच्या 16 महिन्यांचं कळतं की पोस्ट किती वेळा दिसली आणि किती जणांनी दाबली. दिसते भरपूर पण दाबत कोणी नाही, अशा पोस्टी आधी काढा, त्यांचंच हेडिंग बदलायचं. तिथंच खाली लोकांनी काय काय शोधलं ती वाक्यं दिसतात, नवं हेडिंग बऱ्याचदा त्यातच सापडतं. एका वेळी हेडिंगच बदला, बाकी काही नको, आणि महिनाभर थांबून पाहा. पाच-दहा क्लिक वर-खाली झाले तर त्याचा अर्थ काढू नका, पोळ्याच्या आठवड्यात किंवा सोयाबीन काढणीच्या धामधुमीत तसेही कमी लोक वाचतात. ज्या पोस्टी दिसतच नाहीत त्यांचा दोष हेडिंगचा नसेलही, विषयच कोणी शोधत नसेल, तिथं डोकं खपवू नका.